मागचे गुटके अन् मानीबाईचे कवेलू

आमच्या काकाले ज्यानं कोनं लारी विकली, त्याची चूल कधी पेटू नये.

हिरासिंग काका आमच्या तांड्याचा नाईक. त्याच्या बापानं बैलाच्या पाठीवर मीठ-गहू लादून अर्धा मुलूख पालथा घातला होता. साठ-एकसष्ट साली काकानं लिलावातून मिलिटरीची जुनी लारी उचलली, तवा बैल पाह्यल्यावाणीच पाह्यली. बोनेट वर केलं, आत वाकला, अन् म्हने, "तरनी हाय. घेऊन टाका."

चालवाले मी, त्याचा पुतन्या उत्तमसिंग. राजूरच्या कोयशाच्या खानीवर दोन वर्स गाडी चालवून आलेला मानूस! पन काकाच्या लेखी मी निस्ता कासरा धरनारा.

त्याच उन्हायात आमच्या गवताच्या छपरातून साप पडला. पडला त पडला, माही बायको मानीबाई पीठ मळत होती, थेट तिच्या परातीत. तिनं परात फेकली, गठुडं बांधलं अन् मुकुटबनच्या तांड्यात बापाच्या घरी निंगून गेली. जाता जाता म्हने, "गवत काढून वर मातीचे कवेलू पडल्याबिगर मी या घरात पाय नाई ठेवत. तुमी अन् साप, दोघं मिळून सैपाक करा."

आता गंमत पाहा. कवेलूची भट्टी कोठी? मुकुटबनात, माह्या सासऱ्याच्या घरामांगं. म्हनजे माल भराचा त तिच्या डोयासमोर, अन् फोडून आनाचा त आपल्या तोंडानं सांगाचं.

पह्यली खेप आनली. झरीकडचा रस्ता म्हनजे निस्ती बैलगाडीची चाकोरी, मधात दोन नाले. नाला आला का लारीच्या मांगं धाडकन आवाज होये. तांड्यात येऊन लारीचा मागचा फळका पाडला त अर्धे कवेलू, अर्धी खापरं.

मी लारी वणीले नेली. रामलाल मिस्त्री खाली घुसला अन् तेथूनच बोंबलला, "अबे, तुह्या लारीले मागचे गुटकेच नाई! चाकावरची पाट्यायची कमान दबली का आक्सल वर येते. त्याले अडवाले चेसीखाली रबराचा ठोकळा, गुटका असते. तो झिजून गेला, म्हून लोखंडावर लोखंड आपटून राह्यलं." त्यानं भरीव टायरचं जाड रबर देल्लं. "याचे दोन गुटके कर. खाली चार बोटं फट ठेव. लहान गचका कमानीनं झेलावा, मोठा आला तवाच गुटका लागावा."

झालं. हे मी घरी येऊन सांगतलं, तीच चूक झाली.

"फट?" काका ताडकन उठला. "फट ठेवली का घासते. घासलं का पाठ सोलते. आमी गादी भरे त बैलाच्या उघड्या पाठीले कशी, चिकटून! तुह्या मिस्त्रीच्या बापानं कधी बैल लादला होता काय?"

"काका, हा बैल नोहे!"

"वझं उचलते, पानी पेते, उताराले आयकत नाई. मंग काय हाय?"

शेवटी काकानं दोन बोटं कबूल केली, ते बी माह्यावर मेहेरबानी म्हून. रिकाम्या लारीखाली निजून, आपली बोटं घालून, त्यानं लांबलचक गुटके सोता ठोकले. मले हात लावू देल्ला नाई.

दुसरी खेप. भट्टीवर माल भरत होतो त मानीबाई घुंघट वढून दारात उभी. आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नाई, काकासासऱ्याशी त नाईच नाई, त्याचं नाव बी घेत नाई. मंग पोटातला राग कोठी काढाचा? तिनं लारी धरली.

"काहो लारीबाई," ती टायराकडं पाहून म्हने, "तुमाले चालता येत नाई त कायले लोकायचं घर फोडता? वय झालं तुमचं. एका जागी बसावं, पोरासोरायले चालवू द्यावं."

सारे भरनारे फिदीफिदी हासले. काकानं मिशीले पीळ देल्ला अन् मले म्हने, "तुही बायको लारीशी लय बोलते बाप्पा."

ते हासत होते, पन मले ते दोन गुटके काढून काकाच्या डोक्यात हानावे असं वाटत होतं. कारन त्या दिवशी धाडकन आवाज नाई झाला. त्याच्यापक्षा वाईट झालं. खडा आला का लारी उडे, ढेकूळ आलं का उडे, काडी आडवी पडली तरी उडे! कमानी जशा बांधूनच टाकल्या होत्या. घरी फळका पाडला त कवेलू सुर्कीवाणे, विटेच्या भुग्यावाणे सांडले.

"रबर कडक पडलं," काका म्हने.

"तुहं टकुरं कडक पडलं," मी म्हटलं. पह्यल्यांदा म्हटलं. आठ दिवस आमी बोललो नाई, एका ताटलीत जेवलो पन बोललो नाई.

नवव्या दिवशी काकानं आपल्या बापाच्या शेवटच्या बैलाची गादी काढली. आरसे, कवड्या, लाल धाग्याची कशीदाकारी. तिच्या दोन पट्ट्या केल्या अन् गुटक्याच्या तोंडाले सुतळीनं बांधल्या. म्हने, आता मऊ झालं. मिलिटरीच्या लारीखाली कवड्या लोंबतात! झरीच्या बजारात लोक वाकून वाकून पाहे.

तिसऱ्या खेपेले सासऱ्यानं, देवीलालनं, सरळ सांगतलं, "जावईबुवा, भट्टीत एवढेच उरले. आता दिवाळीच्या मांगं. हे बी फोडले त पोरगी माह्याच घरी म्हातारी होईल."

लारी चालू ठेवूनच उभी केली होती, बंद पडली का हँडल मारू मारू खांदा निंगे. काका माल भराच्या आंधी एकडाव फट पाहाले खाली घुसला. तेवढ्यात मुकुटबनच्या तांड्यातल्या बाया आल्या. त्यायले मधात झरीच्या बजारात उतराचं होतं. घागरे, हातभर बांगड्या, पायात वाळे, डोक्यावर टोपले, अन् साऱ्याच्या साऱ्या येकदम चढल्या. लारी मांगून खाली बसली.

मी आत सीटवर. मले काय मालूम? इंजनाच्या खडखडाटात मले खालचा आवाज येत नोता.

समोर मानीबाई आली. घुंघट वढला अन् हात नाचवून लारीले बोलाले लागली. "अय लारीबाई! पाय हाय, त डोये नाई काय तुमाले! कोनाचा पटका गियाला! थांबा म्हन्ते ना!"

वरतून बाया खो खो हासल्या. "चालू झाली व मानी!"

माह्या डोक्यात तिडीक गेली. दोन खेपा मी कंबर मोडून मारल्या अन् इले तमाशे सुचून राह्यले! मी गेर टाकला.

तशी मानीबाई भट्टीकडं पळाली, कोरं करकरीत कवेलू उचललं अन् बोनेटवर फाडकन फोडलं.

मी गेर काढून, उडी मारून खाली. "तुहं घर तूच फोडतं काय वं!"

तिनं निस्तं बोट दाखवलं. मागच्या चाकाजोळ दोन पाय झाडत होते. काकाचे.

मी मांगं पळालो. बायायले खाली उतरवलं, वरडू वरडू उतरवलं. लारी हिंदकत वर आली, तवा गुटका सुटला. गुटका अन् आक्सलच्या मधात काकाच्या पटक्याचं शेपूट घट्ट धरलं होतं. काका बाहेर आला बोडका, धुरानं काया. सुनेसमोर उघडं डोकं! मानीबाईनं पाठ फिरवली. काकाचं तोंड रागानं असं झालं का मले वाटलं आता मलेच चावते.

"मारतं काय मले! कोनी चढवलं ह्या बायायले?"

"अन् तू कायले घुसला खाली? दोन बोटं फट होती ना तुही? मंग पटका कसा दबला?"

काकानं आपली दोन बोटं पाह्यली. दोघंबी वाकलो अन् खाली पाह्यलं. लारी रिकामी, फट दोन बोटं. मी बायायले म्हटलं, "चढा व, चढा." चढल्या. फट गुल.

बैलाची पाठ वझ्यानं खाली जात नाई. लारीची जाते. काकानं उघड्या पाठीवर माप घेतलं होतं, अन् मागची अख्खी खेप आमी कमानीवर नाई, गुटक्यावर चाललो होतो.

"वझं ठेवूनच माप घ्या लागते," काका हयूच म्हने, जसा मी त्याले अडवत होतो.

मंग बाया झाल्या वझं. त्या वर बसलेल्या, मी खालून खूण करे, त्यायले उतरवून गुटका काढे, रबराले पानी लावून सुरीनं कापे, परत बसवे, परत बायायले चढवे. त्यायचा बजार चालला होता. सुखीबाई नावाची एक जाडजूड बाई वरतून म्हने, "ए ड्रायव्हर, मी मिरची घ्याले निंगाली, मले वजनमाप बनवतं काय?"

"बस व माय, तुह्याबिगर लारी दबत नाई!"

शेवटी भरल्या लारीत चार बोटं फट आली. गुटका अख्खा कडक नाई ठेवला. वर जाड, खाली गाजराच्या टोकावाणा निमुळता कापला, का पह्यले हळू दबावं, मंग जोरानं अडवावं. गादीच्या पट्ट्या काकानं सोता सोडल्या अन् खिशात घातल्या. आमी बायाच घेऊन नाल्यात गेलो आलो. गचका आला, कमान दबली, मांगून निस्तं 'भुस्स' झालं. सुखीबाईच्या टोपल्यातली अंडी साबूत.

मंग कवेलू भरले. मानीबाई कोनाले न पुसता वरच बसली. घरी फळका पाडला, त तिनं बोनेटवर फोडलेलं सोडून एक बी कमी नाई.

पन आंधीच्या दोन खेपांची खापरं काई जुडनार नोती. चुलीच्या बाजूनं कवेलू चढत आले, माजघरापर्यंत आले, अन् सरले. अर्ध्या घरावर लाल, अर्ध्यावर गवत. देवीलालची भट्टी दिवाळीच्या मांगं.

मानीबाईनं वर पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् खाट वढत कवेलूखाली नेली. एकच खाट.

"माही खाट?" मी म्हटलं.

"गवताखाली."

"अवं, पन गुटके काकानं ठोकले होते!"

"अन् चालवत कोन होतं?" तिनं पोतं आडवं बांधलं, मधोमध, जशी वावराची मेर. "दिवाळीच्या मांगं या इकडं."

काका आंगनात तमाकू चोळत होता. म्हने, "सून बरोबर बोलते."

मी काय म्हटलं ते लिहासारखं नाई.