तिसरं कडवं

उसाच्या ट्रॅक्टरवर आपलं गाणं वाजतंय म्हटल्यावर दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. संजीवनीनं खिडकी लावून घेतली.

बारामती-इंदापूर रस्त्याला, टायरच्या दुकानावर तिची खोली. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर कारखान्याकडं निघतात, आणि ड्रायव्हर मंडळी स्पीकर असा लावतात की घरातली भांडी खडखडावीत. यंदा त्या स्पीकरमधून तिचाच आवाज येत होता. पहिलं कडवं, दुसरं कडवं, आणि तिसरं सुरू व्हायच्या आत ट्रॅक्टर पुढं निघून जावा म्हणून ही बाई उशी कानावर दाबून बसायची. स्वतःच्या गाण्याला इतकी भ्यालेली गायिका मी तरी दुसरी पाहिली नाही.

सात वर्षं ती गाणी लिहीत होती, चाल बांधत होती, गिटार घेऊन म्हणत होती. ना कंपनी, ना मॅनेजर. भिंतींना गोधड्या टांगून रेकॉर्डिंग करायचं, यूट्यूबवर टाकायचं, कॉलेजच्या गॅदरिंगला, कुणाच्या हुरडा पार्टीला जाऊन गायचं. पोटासाठी पोरांना पेटी शिकवायची. प्रत्येक गाण्याआधी मात्र मान ताठ करून सांगायची, "शब्द माझे, चाल माझी." तेवढीच तिची इस्टेट.

हे गाणं पाच महिन्यांत जेमतेम अडीचशे जणांनी ऐकलं होतं. मग इंदापूरच्या कुणा डीजेनं त्याला हलगीचा ठोका लावला आणि गाणं उधळलं. आधी तिला राग आला, की मेल्यानं विचारायचं तरी. मग एक दिवस, अगदी एकच दिवस, आनंद झाला. दुसऱ्या दिवशी तिला प्रगती आठवली आणि तिनं खिडकी लावून घेतली.

प्रगती तिची शाळेतली मैत्रीण. नर्सिंग शिकलेली, निरवांगीला दिलेली. नवरा रणजित, स्वतःचा ट्रॅक्टर, हंगामात ऊस वाहतो. बायकोनं नोकरी करायची नाही, असं त्यानं ठरवलं आणि एका सकाळी तिच्या सगळ्या वह्या अंघोळीच्या बंबात घातल्या. सर्टिफिकेटही त्यातच जळलं, असं तो समजून होता. ते जळलं नव्हतं. सासूचे डोळे दाखवायला इंदापूरला आलेली प्रगती एसटी स्टँडच्या बाकावर संजीवनीला म्हणाली होती, "वह्या बंबात गेल्या, त्यांच्यावर आंघुळीचं पाणी तापलं. पण जवारीच्या तळाला मी माझं नाव झाकून ठिवलंय बग." ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत, अगदी तळाला, पिशवीत सर्टिफिकेट आणि आधार कार्ड. त्याच बाकावर बसून संजीवनीनं आपल्या फोनवरून तिचा नर्सभरतीचा फॉर्म भरला. आणि त्याच रात्री घरी येऊन गाणं लिहिलं. तिसरं कडवं असं होतं:

बंबात जाळल्या वह्या, पाणी आंघुळीचं तापलं,
जवारीच्या तळाला मी नाव माझं झाकलं.

गाण्यात नाव घातलं नव्हतं, गाव घातलं नव्हतं. एवढं केलं की झालं, असं तिला वाटलं. अडीचशे माणसांत रणजित कुठला असायला?

आता नर्सभरतीची परीक्षा रविवारवर आली होती. संजीवनीनं गाणं यूट्यूबवरून काढून टाकलं. पण पेनड्राइव्हवर चढलेलं गाणं कोण काढणार? प्रगतीकडं स्वतःचा फोन नव्हता. तिला सावध करायचं तर कसं, या विचारात संजीवनी होती. तशात बुधवारी फोन वाजला.

"ताई, मी रणजित. प्रगतीचा मालक. तुमचंच गाणं लावतो की मी ट्रॅक्टरला."

"बरं वाटलं ऐकून," ती म्हणाली.

"त्या ठोक्यात तिसरं कडवं नीट ऐकू येत न्हाय. उद्या या घरी. गाऊन दाखवा."

आवाज गोड होता. त्यानंच ती जास्त भ्याली. न जावं तर संशय, जावं तर वाघाच्या तोंडी. प्रगतीचं हॉलतिकीट छापून संजीवनीकडंच पडलं होतं. तिनं ते बारीक घडी करून एका चोळीच्या खणाच्या आत घातलं, गिटार पाठीला लावली आणि गुरुवारी दुपारी निरवांगीची एसटी धरली.

रणजितनं पडवीत खुर्ची मांडून ठेवली होती. सासू शकुबाई खांबाला टेकून लसूण सोलत होती. प्रगती चहा घेऊन आली. संजीवनीनं तिच्या हातात खण ठेवला आणि हात जरा जास्तच दाबला. प्रगतीनं घडी चाचपली आणि मुकाट्यानं आत गेली. आत, उघड्या दारातून, भिंतीशी ती पत्र्याची कोठी दिसत होती. तिकडं बघायचं नाही असं संजीवनीनं ठरवलं होतं, आणि डोळे मेले सारखे तिकडंच जात होते.

"म्हणा," रणजित म्हणाला.

तिनं पहिली दोन कडवी म्हटली. तिसऱ्याचे शब्द फिरवावेत असं मनात आलं. पण यानं अर्धंमुर्धं तरी ऐकलेलं असणार, फिरवले तर तिथंच चोरी सापडायची. तिनं डोळे मिटले आणि आहे तसं म्हटलं. आत भांड्याचा आवाज थांबला.

"बंबात वह्या," रणजित सावकाश म्हणाला. "आमच्या घरात बी जळल्यात. कुणाचं हो हे गाणं?"

खरं सांगते, त्या क्षणी संजीवनीला गिटार टाकून पळून जावंसं वाटलं. पण पळाली असती तर तो उठून थेट कोठीपाशी गेला असता.

"माझं नाही ते," ती म्हणाली. "मोरगावला एक म्हातारी होती, प्रयागबाई. तिची जात्यावरची ओवी. ती गेली, मी उचलली."

"पर तुमी तर सगळीकडं सांगता, शब्द माझे म्हणून."

"खोटं सांगते."

रणजितनं तिच्या तोंडावर नजर रोखली. मग लसूण सोलता सोलता शकुबाई बोलली, मान वर न करता. "जुनीच हाय ती ववी. माझी आय म्हणायची दळताना."

अशी ओवी जगात कुठंच नव्हती. संजीवनीनं म्हातारीकडं पाहिलं; म्हातारीनं लसणाची पाकळी सुपात टाकली, दुसरी घेतली.

रणजित हसला. समोरचं माणूस लहान झालं की काही जणांना बरं वाटतं, त्यातला तो. त्यानं खिशातून फोन काढला, तिच्यासमोर धरला. "आता परत म्हणा. शब्द चोरलेले हायत म्हणून."

तिनं म्हटलं. सात वर्षांची इस्टेट एका वाक्यात गेली.

शुक्रवारपर्यंत तो व्हिडिओ गावोगाव फिरला. चोरटी, भामटी, म्हातारीच्या टाळूवरचं लोणी खाणारी. लोकांनी काय काय लिहिलं ते सांगून मी तोंड विटाळत नाही. कॉलेजनं कार्यक्रम रद्द केला. पेटी शिकणाऱ्या दोन पोरांच्या आयांनी पोरं पाठवलीच नाहीत. संजीवनी रडली, चांगली हमसून रडली. पण शनिवारी रणजितचा ट्रॅक्टर खालून गेला तेव्हा गाणं वाजत होतं, तिसऱ्या कडव्यासकट, आणि तिनं उशी कानावर दाबली नाही. वाजतंय म्हणजे त्याला कळलेलं नाही, असा तिनं हिशोब बांधला.

रविवारी दुपारी तो ट्रॅक्टर पुन्हा गेला. ट्रॉल्या मोकळ्या होत्या आणि स्पीकर बंद होता.

जेवण तसंच राहिलं. पेपर पाचला सुटणार होता. सहाच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"दिला गं पेपर," प्रगती म्हणाली. "पुण्यातनं बोलतीय. माघारी जात न्हाय मी."

संजीवनीनं विचारलं, "निघालीस कशी?"

"सासूबाईंनी सांगितलं मालकांस्नी, मोरगावच्या गणपतीला पाठवलीय म्हणून. पिशवी बी त्यांनीच काढून दिली. दुपारी मालकांनी कोठी उपसली म्हणं, सासूबाईंनी फोनवर सांगितलं, सगळी जवारी अंगणात. तुला लोक चोर म्हणत्यात ना? मी सांगते की सगळ्यांस्नी, शब्द तुझेच हायत म्हणून."

हो म्हण, असं संजीवनीच्या मनानं चटकन म्हटलं. आणि तिला तो स्टँडवरचा बाक आठवला. वह्या बंबात गेल्या. जवारीच्या तळाला. तिनं काय लिहिलं होतं? नुसतं यमक जुळवलं होतं. ज्या डीजेला शिव्या घातल्या, त्याच्यात आणि हिच्यात फरक तो काय?

"प्रगती, ते तुझेच शब्द होते. मी विचारलं पण नाही तुला."

"मग माझं नाव लाव की त्याला," प्रगती म्हणाली. "झाकून लई दिस झालं."

खाली ट्रॅक्टर थांबला. गाणं नाही, काही नाही, नुसती इंजिनाची धडधड, मग तीही बंद. जिन्यावर पावलं वाजली.

"फोन ठेव," संजीवनी म्हणाली. "आणि कुठं आहेस ते मलासुद्धा सांगू नकोस."

दार ठोठावलं गेलं. खालच्या टायरच्या दुकानात अजून माणसं होती, एवढाच काय तो धीर. तिनं दार उघडलं. रणजितच्या पायांना, विजारीला ज्वारीचा भुस्सा चिकटला होता.

"मोरगावला जाऊन आलो. म्हातारी-बितारी कुणी न्हवती," तो म्हणाला. "कुणाचे शब्द हायत ते?"

"थांबा," ती म्हणाली. तिनं फोन काढला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि दोघंही दिसतील असा धरला. "आता सांगते. शब्द प्रगतीचे. चाल माझी."