ड्रायव्हरबाबाचे ठोके

त्या गुरुवारी जिनिंगच्या बंद शेडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुढे बायका, मागे पुरुष, आणि खिडकीच्या गजांना लटकलेली पोरं. मधोमध खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेला लाकडी चौथरा. त्यावर खुर्चीत केशरबाई बसलेली. डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर उताणे, सगळ्यांना दिसतील असे. पावलांवर हळदीकुंकवाचा थर. शेजारी तिचा भाऊ, भुजंग महाराज. गळ्यात रुद्राक्षाची माळ आणि हातात चक्क गार्डाची हिरवी झेंडी.

"लाइन क्लियर!" महाराज ओरडले. "सिग्नल पडला! निजामाच्या काळचे ड्रायव्हरबाबा टेशनात आले! इंजिनासकट नदीत गेले, पर शिट्टी वाजवायची सोडली न्हाई! बाबा, आलाव का? बोला!"

टक.

चौथऱ्यातून स्वच्छ, कोरडा ठोका आला. केशरबाईचा हात हलला नाही, ओठ हलला नाही. बायकांनी कानशिलावर बोटं मोडली. कुणीतरी नारळ फोडला.

"एक ठोका म्हंजी हो. दोन म्हंजी न्हाई. बाबा खोटं बोलत न्हाईत, कामून की मेल्याला कशाचं भेव?"

असा कुणी ड्रायव्हर आमच्या पूर्णा गावात कधी होता की नव्हता, हे एकालाही ठाऊक नव्हतं. विचारायचं कुणाला सुचलंही नाही. मी, मालन खिल्लारे, हायस्कुलात इतिहास शिकवते; त्या दिवशी शेजारच्या हेमाने ओढून नेलं म्हणून गेले होते. पहिल्या ठोक्यालाच मला थकल्यासारखं झालं. पण हसू आलं नाही, कारण शेडमधली तोंडं मी ओळखत होते.

मे महिन्यात रेल्वेचा संप झाला होता, चौऱ्याहत्तर साली. संप मोडला, गाड्या सुरू झाल्या, आणि आमच्या गल्लीतल्या कितीतरी माणसांना कामावर परत घेतलंच नाही. हेमाचा नवरा मार्तंड इंजिनवर फायरमन होता. रोज सकाळी अंघोळ करून, जेवणाचा डबा घेऊन तो रेल्वेच्या इंजिन-शेडच्या फाटकापर्यंत जायचा आणि डबा घेऊन परत यायचा. अशा घरांना भुजंग महाराजाने बरोबर हेरलं होतं. ठोके ऐकायला पैसे पडत नव्हते. नारळ, धान्य, साडी, जे होईल ते.

"बाबा, मार्तंडाला ड्युटीवर घेतील का? बोला!"

टक.

हेमा रडायलाच लागली. मग महाराजांनी आवाज उतरवला.

"पर गाडी अडकलीय. रुळावर कुणीतरी धोंडा ठिवलाय. बाबा, ही भानामती हाय का? बोला!"

टक.

"करणारा बाप्या हाय का? सांगा!"

टक, टक.

"बाई हाय. ह्याच गल्लीतली? बोला!"

टक.

शेड एकदम गार पडली. पुढचं महाराजांना विचारावंही लागलं नाही; ते नुसतं 'बोला' म्हणत गेले. मागून एक जण म्हणाला, "रांडमुंड हाय का, इचारा." टक. दुसरी म्हणाली, "जिच्या घरात पगार चालू हाय, ती का?" टक. "कपडे शिवती का?" टक. नाव कुणी घेतलं नाही. नाव घ्यायची गरजही उरली नव्हती.

कमलबाई माझ्या खोलीच्या समोर राहायची. गँगमनची विधवा. सगळ्या गल्लीची झंपरं, पोरांच्या चड्ड्या तिच्याच मशीनवर शिवल्या जायच्या. तिचा मुलगा सटवाजीही रेल्वेतच; संपाच्या तिसऱ्या दिवशी तो कामावर गेला होता. घरात त्याची बायको बाळंतीण होती, तो घाबरला. त्याची नोकरी टिकली, बाकीच्यांची गेली. तेव्हापासून गल्ली त्या घराशी बोलत नव्हती. मला दोन्ही बाजू दिसत होत्या, आणि दोन्ही दिसणाऱ्या माणसाचं कुणीच ऐकत नाही.

"आवसेला तिचे पुढचे दात पाडायचे," महाराज शांतपणे म्हणाले, जणू शेंडी कापायची आहे. "दात गेले की मंत्र फुटत न्हाई. मंग बगा, एकेकाला बोलावणं येतं का न्हाई."

अमावास्या पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात धडा होता तो अमेरिकेचा, यादवी युद्धानंतरच्या वर्षांचा. रेल्वेचं जाळं पसरलं, पोलादाचे कारखाने उभे राहिले, शेतं सोडून माणसं शहरांत आली. मजुरी कापली म्हणून अठराशे सत्याहत्तर साली तिथल्या रेल्वे कामगारांनी गाड्या अडवल्या आणि सरकारने सैन्य पाठवलं. हे सांगताना मी फळ्याकडे तोंड करून बोलत होते. वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप घरी बसलेले होते.

मार्तंडाची मुलगी उभी राहिली. "बाई, त्या लोकांना परत घेतलं का?"

"काहींना घेतलं. पुष्कळांना नाही."

"मग त्यांनी काय केलं?"

त्यांनी काय केलं? औरंगाबादला शिकत असताना आमच्या प्राध्यापकांनी याच काळाबद्दल एक गोष्ट सांगितली होती, ती तिथे उभ्या उभ्या आठवली. तिकडे त्या वर्षांत मेलेल्यांशी बोलायचं मोठं वेड पसरलं होतं. तारेवरून हजार मैलांवरचा माणूस ठोक्यांनी बोलतो, मग मेलेला का बोलणार नाही, असं लोकांना वाटे. युद्धाने, साथींनी, यंत्रांनी माणसं नेलेली. मागे उरलेल्यांना कुणाला तरी विचारायचं होतं. हे वेड युद्धाच्याही आधी सुरू केलं होतं दोन बहिणींनी. त्यांच्याभोवती ठोके ऐकू येत. डॉक्टरांनी त्यांचे पाय मऊ गाद्यांवर ठेवायला लावले, तेव्हा ठोके थांबले. तरी लोकांनी चाळीस वर्षं विश्वास ठेवला. शेवटी त्यांतल्याच एकीने न्यूयॉर्कच्या रंगमंचावर बूट काढला आणि पायाच्या अंगठ्याचा सांधा वाजवून दाखवला.

"बाई?" मुलगी अजून उभीच होती.

"बस," मी म्हटलं. "उद्या सांगते."

त्या संध्याकाळी मी हेमाला सांगून पाहिलं.

"अमेरिकेच्या बाया कुठं अन् आपली केशरबाई कुठं!" ती म्हणाली. "तुमचा पगार चालू हाय, बाई. तुमाला काय कळायचं?"

मी तिथून उठले. कमलबाईकडे गेले तर दार आतून लावलेलं. फटीतून तिचा आवाज आला, "बाई, तुमी जा. उगी तुमचंबी नाव घेतील." सटवाजीने पोलिसांत वर्दी दिली होती. दात अजून पडलेले नाहीत, पडल्यावर या, असं काहीसं त्याला सांगण्यात आलं.

म्हणून गुरुवारी मी पुन्हा शेडमध्ये गेले. आपल्याकडे अंगात आलेल्या बाईला कुणी हात लावू शकत नाही, पण पाय धरायला सगळ्यांना मुभा असते. बायकांच्या रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तशी वाकले, केशरबाईच्या पावलांवर दोन्ही हात ठेवले, आणि उठले नाही.

"बाबा, उद्या गल्लीचा धोंडा निघंल का? बोला!" महाराज म्हणाले.

टक.

माझ्या उजव्या तळव्याखाली तिचा अंगठा दबला आणि सांध्याने उसळी मारली. आवाज पोकळ फळ्यांत घुमला. एवढंच होतं ते. मी दोन्ही अंगठे घट्ट मुठीत धरले आणि मोठ्याने म्हटलं, "ड्रायव्हरबाबा, तुमच्या लेकीचे पाय धरलेत. आता बोला."

काही नाही.

"बोला!" महाराज म्हणाले. मग जरा चढ्या आवाजात, "बोला, बाबा!"

काही नाही.

"पाय सोडा, बाई. आत्म्याला ओझं व्हायलंय."

"आत्म्याला पायाचं ओझं कसं होतं?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांचे डोळे बारीक झाले. "तुमी कोण म्हनायच्या?"

"खिल्लारे."

"हां!" त्यांनी झेंडी उंच केली. "मंग बरूबर! इटाळ झाला! बाबा रुसले!"

माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका नकळत मागे सरकल्या. छप्पन साली आम्ही धम्म घेतला. त्या शेडमध्ये ते साल अजून उजाडायचं होतं. मला तेव्हा खरंच उठून घरी जावंसं वाटलं. किती वेळा तेच ऐकायचं? पण हात सुटले असते तर कमलबाईचे दात गेले असते.

तेवढ्यात हेमा पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो माझ्यावर होता.

"सरका, बाई. मी धरते. आमचा तर इटाळ न्हाई ना? मंग बाबा बोलतेत का न्हाई बगू."

तिने माझी जागा घेतली. तिला बाबा खरे ठरवायचे होते. मी धरले होते तसेच तिने अंगठे मुठीत धरले, डोळे मिटले, आणि रडवेल्या आवाजात विचारलं, "बाबा, आमच्या घरच्याला घेतील ना कामावर? बोला ना, बाबा."

शेडमध्ये मागच्या रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीचा आवाज तेवढा येत होता. तो संपला तरी ठोका नाही.

"वाजव की गं!" महाराज दातांतल्या दातांत पुटपुटले.

हेमाने डोळे उघडले. तिने ते ऐकलं होतं. पुढच्या दोन ओळींनीही ऐकलं.

आणि केशरबाई पहिल्यांदाच बोलली. डोळे उघडून, भावाकडे बघत. "किती वाजवू? अंगठा सुजलाय माजा. आठ दिसापून सांगायले तुला."

हेमाच्या मुठीतून पाय सोडवून तिने लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं. हळदीखाली अंगठ्याचा सांधा खरंच लाल, टम्म सुजला होता. तिने तो फळीवर टेकवला. टक. पुन्हा टेकवला. टक, टक. मी कुणाची तरी घोंगडी घडी करून तिच्या पायाखाली सारली. तिने अंगठा पुन्हा दाबला, आणि आवाज घोंगडीतच विरला.

"ल्हानपणी खेळ म्हणून वाजवायची," ती म्हणाली. "ह्यो 'बोला' म्हनला की एकदा. 'सांगा' म्हनला की दोनदा. बाकी मला काय ठाव न्हाई. लोकच इचारायचे अन् लोकच सांगायचे. दात पाडायचं तर मला आवडलंच न्हवतं, बाई."

भुजंग महाराज मागच्या दाराने निघाले होते. दारात मार्तंड आडवा उभा राहिला. त्याने हात उगारला आणि खाली घेतला. "जा," तो म्हणाला. पुढे पिंगळीकडे कुठेतरी महाराजांनी नवा बाबा काढल्याचं कानावर आलं. केशरबाई त्यांच्याबरोबर गेली नाही. ती राणीसावरगावला मावशीकडे राहिली असं ऐकते.

अमावास्या काहीही न घडता उलटली. म्हणून गल्ली सुधारली असं समजू नका. कमलबाईची कुणी माफी मागितली नाही. हेमा मात्र दोन दिवसांनी तिच्या दारात गेली, मुलीचा फाटलेला झगा पुढे केला आणि म्हणाली, "एवढं शिवून द्या." कमलबाईने झगा घेतला.

मार्तंड माझ्याकडे आला होता. उंबऱ्यावर बसला.

"बाई, ठोके खोटे निघाले, चांगलं झालं. पर आता इचारायचं कुणाला?"

मी त्याला सांगितलं ते एवढंच, आणि वाचणाऱ्यालाही तेच सांगते. ज्यांनी कामावरून काढलं त्यांना विचारा, एकट्याने नको, सगळ्यांनी मिळून विचारा. युनियनला विचारा, कोर्टाला विचारा. उत्तर उशिरा येईल, कदाचित वाईट येईल. पण ज्याचे पाय धरल्यावर बोलणं बंद होतं, त्याचं उत्तर घेऊ नका. आणि कुणी शेजारणीकडे बोट दाखवून तुमचं दुःख समजावून सांगू लागला, तर आधी त्याच्या पायाखाली घोंगडी घालून बघा.

मार्तंडाने मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही. मग म्हणाला, "सटवाजीलाबी संगं घ्यावं लागंल मंग."

"घ्या," मी म्हटलं.

तो उठला आणि समोरच्या दाराकडे चालू लागला.