तारखेची जागा

लाईट जायला अकरा मिनिटं होती आणि लिलाव संपायला चाळीस. बिलकीसनं लिलावाचं पान पुन्हा उघडलं. बोली आणखी चढली होती.

"कोन हाय?" संगप्पांनी खुर्ची पुढं ओढली.

"बेल्जियमचाच. काल त्याला फ्रान्सच्या बाईनं मागं टाकलं होतं."

"भांडू दे दोघांना," संगप्पा खुशीत म्हणाले.

बिलकीसला मात्र खुशी होत नव्हती. ज्याच्यासाठी दोन देश भांडत होते तो पानाचा पितळी डबा कीबोर्डच्या शेजारीच ठेवला होता, आणि तो कुठल्याच देशात जाऊ नये म्हणून ती सहा दिवस जिवाचं रान करत होती. संगप्पांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

संगप्पा उदगीरचे. भंगारवाल्यांकडची जुनी पितळी भांडी निवडायची आणि गोणीत घालून लातूरला बिलकीसच्या नेट कॅफेत आणायची, हा त्यांचा चार वर्षांचा शिरस्ता. फोटो काढून माल लिलावाच्या साईटवर चढवायचा आणि मुख्य म्हणजे सर्च इंजिनात तो वर येईल असं त्याच्याबद्दल लिहायचं, हे बिलकीसचं काम. नुसतं 'जुना तांब्या' लिहिलं तर जगातल्या सगळ्या तांब्यांत आपला तांब्या कुणाला दिसणार? म्हणून ती दर वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारायची. ही वस्तू ज्याला हवी आहे, तो माणूस काय टाईप करील? या एका प्रश्नाच्या जोरावर तिनं संगप्पांचं नाव साईटवर असं बसवलं होतं, की दोनशे गिऱ्हाइकांत एकाचीही तक्रार नव्हती. दर दुसऱ्या पाटीवर डॉक्टर घडवण्याची हमी देणाऱ्या त्या ट्यूशनच्या गल्लीत बसून आपण भांडी परदेशी पाठवतो, याची तिला गंमत वाटायची आणि अभिमानही होता.

हा डबा आला तेव्हा झाकणाच्या आतल्या अंगाला ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. संगप्पांनी फर्मान सोडलं, "खाजामियाँकडून नाव घासून घे. साफ मालाला भाव हाय."

खाजामियाँ म्हणजे बिलकीसचे अब्बा. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून लग्नाच्या भांड्यांवर नावं घालण्यात घालवली. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी झाकणाच्या आतून अंगठा फिरवला.

"ये मेरे हात का है," ते म्हणाले. "घासनार न्हाई मी."

'चि. सुकन्या लिंबाजी सोमवंशी, मु. चिंचोली. आई साखराबाईकडून.' ऐन गणपतीत मायलेकी दोघी येऊन बसल्या होत्या, लग्न दिवाळीनंतर होतं, हे अब्बांना लख्ख आठवत होतं. विसर्जनाची रात्र सरता सरता भूकंप झाला आणि चिंचोली भुईसपाट झाली. वाचलेली माणसं ढिगाऱ्यात आपली माणसं शोधत होती, तेवढ्यात भांड्यांना पाय फुटले. त्याला आता सतरा वर्षं झाली होती.

बिलकीसनं नाव घासलं नाही. उलट त्या घरचं कुणी उरलं असलं तर सापडावं म्हणून नाव, गाव, आईचं नाव मराठीत आणि इंग्रजीत डब्याच्या माहितीत लिहिलं आणि खाली आपला फोन नंबर दिला. वर एक आगाऊपणा केला. एका क्लासच्या चाचण्यांचे निकाल नेटवर टाकायचं काम तिच्याकडे होतं. ते पान लातूर-नांदेडची हजारो पोरं उघडायची, त्यामुळं सर्च इंजिनही तिथं रोज डोकावायचं. त्याच पानाच्या तळाशी तिनं बारीक अक्षरात डब्याची लिंक ठेवली, म्हणजे सर्च इंजिनाला डब्याची वाट सापडेल. क्लासवाल्यांना कळलं असतं तर तेही काम गेलं असतं. पण सहा दिवसांत नुसत्या बोल्या आल्या, फोन एकही आला नाही.

"थांब, थांब. वर घे जरा," संगप्पा पडद्याला बोट लावून म्हणाले. "हे मराठीत काय लिवलंस?"

बिलकीसनं डबा आपल्या बाजूला ओढून घेतला.

"नाव काढलं न्हाईस?"

"न्हाई, काका."

"माल माझा हाय का तुझा?"

ती काही म्हणणार तोच लाईट गेली. पंखा थांबला आणि यूपीएस टीटी करू लागला. बॅटरी म्हातारी होती, पंधरा मिनिटं टिकली तरी खूप, आणि पडदा बंद पडला की लिलाव हाताबाहेर. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"पानाचा डबा तुमच्याकडंच हाय का?" एका मुलीचा आवाज. "मी नांदेडहून बोलायले. सुकन्या सोमवंशी. टेस्टचे मार्क बघायला नाव टाकलं, तर तुमचा डबा निघाला. आजीचं नाव, गावबी आमचंच. ती माझी आत्या व्हती, भूकंपात गेली. तिच्यावरूनच माझं नाव ठेवलं."

बिलकीसनं फोनचा स्पीकर लावला.

"असे छप्पन फोन येतील," संगप्पा म्हणाले. "जाहिरात वाचून कुनीबी म्हनंल, आत्या व्हती."

त्यात काही खोटं नव्हतं. आतल्या दारात अब्बा भिंत धरून उभे होते. ते म्हणाले, "बेटी, तुज्या बापाला इचार. झाकनावर काय लिवायचं राहिलं?"

बाप, भुजंग, मुदखेडला रेल्वेत गँगमन होता. नेट वगैरे त्याच्या गावीही नव्हतं. मुलगी मैत्रिणीच्या फोनवरून त्याला लावू लागली. एकदा लागला नाही, दोनदा लागला नाही. यूपीएसची टीटी जलद झाली. संगप्पांनी घड्याळ पाहिलं.

"बाबा म्हनतेत..." मुलीचा आवाज बदलला होता. "तारीख राहिली. 'लग्न दि.' एवढंच हाय, म्होरं जागा सोडलेली. तारीख धरायची व्हती अजून."

बिलकीसनं हे कुठंही लिहिलं नव्हतं. फोटोतही झाकणाची आतली बाजू नव्हती.

विकणाऱ्याला लिलाव मोडता यायचा. पण बोली लागल्यावर, इतक्या शेवटी मोडला, तर त्याच्या नावापुढं लाल खूण पडायची आणि ती कायम राहायची.

"काका, मोडू का?"

"मी चोर न्हाई. वजनावर घेतलाय मी."

"तुम्हाला चोर कोन म्हनतंय?"

"लाल खूण पडंल. चार सालात एक बट्टा न्हाई माझ्या नावाला."

"ते नाव मीच बसवलंय, काका."

"म्हनून सांगतो. हात लावू नको."

बिलकीसचा हात माऊसवर होता. संगप्पा गेले तर निम्मं काम जाणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिला भीती वाटत होती. तिनं बटण दाबलं. नक्की का, असं साईटनं विचारलं. तिनं पुन्हा दाबलं. लिलाव रद्द झाल्याची ओळ पडद्यावर आली आणि दोनच मिनिटांत यूपीएस एक लांब सूर काढून बंद पडला.

संगप्पांनी गोणी उचलली. "उद्यापासून दुसरीकडं बघतो," ते म्हणाले. डब्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. पायरी उतरताना थांबले आणि मागं न बघता म्हणाले, "रिकामा देऊ नको. दोन सुपाऱ्या घाल त्यात."

त्यांनी बोललेलं खरं केलं. आठवड्याभरात त्यांची भांडी दुसऱ्या एका कॅफेतून साईटवर चढू लागली. खालचे शब्द बिलकीसचेच होते, तसेच्या तसे उतरवलेले. तिनं ते दोनदा वाचले आणि पान बंद केलं.

रविवारी भुजंग लेकीला घेऊन आला. पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं, पायांत रेल्वेचे बूट. डबा हातात घेतल्यावर तो उघडायला धजेना, तेव्हा सुकन्यानंच झाकण काढलं. आत दोन सुपाऱ्या होत्या. आपलंच नाव वाचावं तसं तिनं आत्याचं नाव वाचलं.

अब्बांनी सकाळीच हातोडी आणि खिळा शोधून ठेवला होता. "काही लिवायचं असंल तर सांगा," ते म्हणाले. "नजर गेली, पन हात चालतो अजून."

भुजंगनं 'लग्न दि.' च्या पुढच्या कोऱ्या पितळेवर अंगठा ठेवला. बोटभर जागा होती.

"नगं, चाचा," तो म्हणाला. "तुमी सोडलेली जागा हाय. ऱ्हाऊ द्या."

मग त्यानं सुपाऱ्या आत सारख्या केल्या, झाकण लावलं आणि डबा उपरण्यात गुंडाळून लेकीच्या हातात दिला.