बादशहाचं यान झालेली काठवट

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. पाचोऱ्याच्या अभिमन सुताराने मला सागाच्या एकाच ओंडक्यातून कोरलं. जोड नाही, खिळा नाही. हल्लीच्या पराती जरा आपटल्या की पोचे घेऊन बसतात. मी तीन पिढ्यांचे गुद्दे खाऊन धड आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की सांजोऱ्यांची कणीक माझ्यातच मळली जायची. "काठवट पाहावी तर केसरबाईंची," असं शेजारणी म्हणत. मग स्टीलची परात आली आणि मला माळ्यावर टाकलं. माझ्यात कांदे भरले. कांदे!

एक दिवस केसरबाईंच्या नातीने, समीक्षाने, मला खाली काढलं. शाळेच्या प्रदर्शनासाठी ती ताऱ्यांवरचं एक साम्राज्य रचत होती. तटबंदी थाळनेरच्या किल्ल्यावरून घेतली, दरबार जुन्या सुलतानांवरून. मी होणार होते बादशहाचं यान. मान मोठाच! पण तिच्या हातात चंदेरी ऑइलपेंट होता. तो एकदा लागला की माझ्यात पुन्हा कणीक मळणं नाही. माझा तर जीवच गेला.

तेवढ्यात केसरबाई आल्या.

"ठेव तो ब्रश! काय व पोरी, तुना राज्यमा लोके काय खातस?"

"गोळ्या, मोठी माय. एक घेतली की दिवसभर भूक नाही."

"आन् असा बादशहाले सोडी का जातस नही?"

"सैन्य आहे ना."

"सैन्य त्या किल्लामा बी व्हतं. आते तठे वटवाघळं ऱ्हातस."

समीक्षाचं तोंड उतरलं. "मग राज्य टिकतं कशाने?"

"लेकी आखाजीले घर येतस, तेनावर. जठे आपली पोर देल शे, त्या गाववर कोन तोफ चलाडस?"

पोरीने ब्रश ठेवला. बादशहाला तख्तावरून खाली उतरवलं. आता प्रत्येक ग्रहाची लेक दुसऱ्या ग्रहावर नांदते, आणि आखाजीला यान सगळ्यांना माहेरी आणतं. भांडण असलंच तर आपल्याकडे आखाजीला दोन गावांच्या बाया करतात तसं, नदीच्या दोन काठांवरून शिव्यांनी मिटवायचं. शिव्या केसरबाईंनी पुरवल्या. निम्म्या समीक्षाने खोडल्या.

प्रदर्शनात मी रंगाशिवाय, सांजोऱ्यांनी भरलेली गेले. परीक्षकांनी साम्राज्य समजून घेण्याआधी यान रिकामं केलं. नंबर दुसरा आला. पहिला न देणाऱ्यांची जीभ भाजली असावी, असं केसरबाईंचं मत आहे.

यंदा आखाजीला समीक्षाने स्वतः माझ्यात कणीक मळली. पाणी जास्त झालं, बोलणी खाल्ली, हसली.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझी एखादी बहीण असेल. तिला रंगवू नका, शोभेला मांडू नका. पुसा, तेलाचा हात फिरवा आणि पीठ घाला. एवढंच. आणि कांदे दुसरीकडे ठेवा.