डोळ्यांखालचे खड्डे

आमचे हे शाळेची बस चालवतात. रात्री अंथरुणाला पाठ टेकायचा अवकाश, घोरायला लागतात. तरी पालकांची तक्रार काय, तर ड्रायव्हर रात्रभर जागतो, पितोसुद्धा! कारण एकच, डोळ्यांखालची काळी वर्तुळं. सासऱ्यांचीही तशीच होती. शेवटी मॅनेजर म्हणाला, "चेहऱ्याचं काहीतरी करा, नाहीतर बस धुवायच्या कामाला लागा." ह्यांचं जेवणच तुटलं. बस म्हणजे ह्यांचा जीव की प्राण.

काकडीच्या चकत्या झाल्या, माझी क्रीमं झाली. गाल तेवढे तुकतुकीत झाले. मग मी ह्यांना ओढतच त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तोवर असले दवाखाने म्हणजे रिकामटेकड्यांचे चोचले, असं माझं ठाम मत होतं.

बाईंनी आधी दिवा वरून धरला, मग समोरून. समोरून उजेड पडला आणि काळेपणा निम्म्याहून जास्त पळाला.

"हा रंग नाही, सावली आहे," त्या म्हणाल्या. "डोळ्यांखाली खोलगट झालंय. ते क्रीमनं कसं भरणार? सुईनं जेल भरावं लागेल."

"रस्त्यावरचे खड्डे कोणी बुजवत नाही," हे म्हणाले, "माझे तरी बुजवा."

विनोद केला खरा, पण सुई दिसताच माझा हात असा आवळला की भूल मलाच द्यावी लागणार होती. बाईंनी ह्यांना ताठ बसवलं, कारण आडवं झालं की खड्डा नीट दिसत नाही. मग थेंबभर जेल घालायचं, थांबायचं, बोटानं हलकेच दाबायचं, मागे सरून बघायचं. घाई म्हणून नाही. थोडी सावली उरली होती, तरी त्यांनी सुई खाली ठेवली.

"एवढं राहू दे. आणखी भरलं तर फुगल्यासारखं दिसेल. चेहरा ह्यांचाच राहायला हवा."

मी मनातल्या मनात हात जोडले. कुठं थांबायचं हे कळणारी माणसं मी फार थोडी पाहिलीत.

सूज उतरल्यावर हे कामावर गेले. मॅनेजरनं चेहरा निरखला आणि किल्ली हातात ठेवली. संध्याकाळी हे घरी आले ते हसतच. सगळ्यात जास्त तक्रारी करणारी एक आई आहे. रोज मुलीला बसमध्ये चढवायची आणि बस दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यातच उभी राहायची. आज ती खिडकीशी येऊन म्हणाली, "बरं झालं, दादा, नवीन ड्रायव्हर दिला. आधीच्याच्या डोळ्यांकडे बघून माझ्या पोटात गोळा यायचा."

मला असा संताप आला! "मग सांगायचं ना, तोच मी म्हणून!"

"कशाला?" हे म्हणाले. "आज पहिल्यांदा ती पाठ फिरवून घरी गेली. सांगितलं असतं तर उद्या पुन्हा उभी राहिली असती."