पत्रातलं गाव

निशिकांतरावांची झोप गेले आठ दिवस एका गावानं उडवली होती. ओमानच्या वाळवंटातलं, खजुराच्या बनातलं, चारशे वर्षं जुनं गाव. परदेशात वुडलँड्सला राहणाऱ्या त्यांच्या लेकानं, प्रबोधनं, आईबाबांच्या लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसासाठी मस्कतची तिकिटं काढली होती.

"बाबा, तुम्ही पत्रात त्या गावाबद्दल लिहायचात ना, अगदी तसलंच शोधलंय. मस्कतहून सकाळी निघायचं, संध्याकाळी परत."

सरोजिनीबाई नव्या नवरीसारख्या लाजल्या. निशिकांतराव मात्र तिकिटांवरची तारीख पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मस्कतला सहा वर्षं नोकरी करून हा गृहस्थ असल्या कुठल्याच गावाला कधी गेला नव्हता.

शनिवारी दोघं लेकाच्या घराजवळच्या पुलाउ उबीन बेटावर फिरायला निघाली. बारा उतारू जमले तशी बोट सुटली. पाणी संथ होतं, ऊन पांढरंफेक, आणि समोरचं बेट जमिनीला न टेकता नुसतं तरंगत असल्यासारखं दिसत होतं.

"तुमचं गाव लांबून असंच दिसायचं ना हो?"

"हं," निशिकांतराव म्हणाले. हं म्हणायला काय जातं! पण आज ते म्हणून त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

लाकडी घरं, पेंगुळलेली कुत्री, नारळांची सावली मागे टाकत दोघं जुन्या दगडाच्या खाणीपाशी आली. खाणीत आता हिरवंगार पाणी साठलं होतं. वारा नव्हता. आपण कुठल्या देशात आहोत, कुठलं साल आहे, याचा विसर पडावा अशी ती दुपार होती. सरोजिनीबाईंनी बाकावर बसून तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला आणि निशिकांतराव एका दमात बोलून गेले.

"सरोज, ते गाव मी पाहिलेलं नाही. खजूर, पाण्याचे पाट, मातीची घरं, पाण्याच्या पाळ्या वाटून देणारा म्हातारा, सगळं माझ्या मनचं. मी पत्र्याच्या गोदामात राहायचो. शुक्रवारी सुट्टी, ती कपडे धुण्यात जायची."

"मग लिहिलंत कशाला?"

"पत्र घरी आलं की वडील म्हणून अण्णाच ते फोडायचे, सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचायचे. तू स्वयंपाकघराच्या दाराआड. तुला दोन शब्द लिहायचे कुठे? हाल लिहावेत तर आई रडणार. मग तुला कुठेतरी न्यावंसं वाटायचं, ते असं लिहायचो."

सरोजिनीबाईंनी डबा बाजूला ठेवला. पुरी हातातच राहिली. निशिकांतरावांना वाटलं, संपलं. साठीपलीकडे आलेल्या बाईला आपण आज कफल्लक केलं.

"चौऱ्याऐंशी साली," त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "प्रबोध चौदा दिवस दवाखान्यात होता. न्यूमोनिया. डॉक्टरांनी हात टेकले होते. तुम्हाला काय कळवलं, आठवतंय?"

"सर्व क्षेमकुशल. प्रबोध दिवसभर दंगा करतो."

"अण्णांनी सांगितलं तसं मी लिहिलं. मी रात्रंदिवस दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून असायचे. तुमचं पत्र अण्णांच्या कपाटातून चोरून नेलं होतं. डोळे मिटले की मी त्याला कडेवर घेऊन तुमच्या गावात शिरायचे. पाटात त्याचे पाय बुडवायचे. तो म्हातारा म्हणायचा, आज पाण्याची पाळी याची. नवव्या दिवशी ताप उतरला."

चाळीस वर्षं निशिकांतरावांना हे कुणी सांगितलं नव्हतं. ते लहान मुलासारखे रडले आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही.

"तिकिटं रद्द करायला सांगू प्रबोधला?" डोळे पुसत त्यांनी विचारलं. "खरं गाव भलतंच निघालं तर?"

"रद्द कशाला?" त्यांच्या हातावर पुरी ठेवत सरोजिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही कधी गेला नाहीत, पण मी तिथे चौदा दिवस राहिलेय. मी दाखवते तुम्हाला."