बदली सेट

"अहो, तो पडदा ओढा आधी. काचेवर ऊन पडलं की काही दिसत नाही, हे आता मी सांगायचं का तुम्हाला?"

टीव्हीवाल्यांनी बायकोचं ऐकून मुकाट्याने पडदा ओढला. ती सकाळपासून टेबलावरचा टीव्ही पुसत होती. पुसून झाला की लांब जाऊन बघायची आणि पुन्हा फडकं घेऊन यायची. भाड्याच्या टीव्हीचं दुकान बंद झाल्यावर भाच्याने हा रुंद, चपटा टीव्ही हौसेने आणून दिला होता. तिने तो आजवर आपणहून कधी लावला नव्हता. आज मात्र तिने टेबलासमोर चटई घातली, चटईवर धुतलेली चादर पसरली, चादरीच्या सुरकुत्या हाताने सारख्या केल्या. टीव्हीवाले खिडकीपाशीच थांबले. त्या दिवशीही तिने अशीच चटई घातली होती.

काल दुपारी घारीचा फोन आला होता. घारी म्हणजे त्यांच्या मुलीची, ठकीची, शाळेतली मैत्रीण. डोळ्यांवरून पडलेलं नाव अजून टिकलं होतं, बाकी तिची स्वतःची मुलंही आता कॉलेजात जायला लागली होती. "काकू, आपला गाण्यांचा कार्यक्रम सापडला," ती फोनवर ओरडूनच सांगत होती. "टीव्ही केंद्रातल्या कुणीतरी जुन्या टेपा शोधून काढल्यात. मी घेऊन येते उद्या. आपल्या टीव्हीवर मोठं दिसेल."

बायकोने फोन ठेवला. "ठकी दिसणार," एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून टीव्हीवाल्यांच्या डोळ्याला डोळा नव्हता.

एके काळी या माणसाला गल्लीत मान होता. टीव्ही विकत घेणं कुणाला परवडत नव्हतं, तेव्हा लोक महिन्याच्या भाड्याने सेट नेत. काळ्या-पांढऱ्या चित्राचं, लाकडी पेटीचं ते धूड दोन माणसांनी उचलायचं. हे गृहस्थ एकटे खांद्यावर घेऊन जिने चढत. कुणाकडे दुखणाईत माणूस अंथरुणाला खिळलंय, कुणाची नवी सून दिवसभर एकटी असते, कुणाच्या म्हाताऱ्याला ऐकू येत नाही पण हलती चित्रं बघायला आवडतात, सगळी माहिती यांना. सेटच्या मागे उकिडवं बसायचं, हात आत घालून काहीतरी फिरवायचं आणि विचारायचं, "आलं का?" समोरून घरदार एका सुरात सांगायचं, "आलं, आलं... गेलं!" आयुष्य त्या "आलं" आणि "गेलं"च्या मागे बसून गेलं म्हणा ना. घरोघरी टीव्ही लागले, पण यांनी एकही कार्यक्रम समोर बसून बघितला नसेल.

दुकानाचा एक नियम होता आणि त्याचा टीव्हीवाल्यांना भारी अभिमान. भाड्याचा सेट बिघडला तर त्याच दिवशी दुसरा आणून द्यायचा, घर एक रात्रही टीव्हीवाचून ठेवायचं नाही. पाटीवर तसं ठळक लिहिलं होतं. आता छोट्या दुकानात जादा सेट कुठून असणार? तर तो घरी असे. बायकोला वाटे, आपल्याकडे टीव्ही आहे. प्रत्यक्षात तो बदली सेट होता. मालिका रंगात आलेली असायची, आणि हे दारातून आत येऊन आधी प्लग काढायचे, मग बोलायचे. "तासाभरात दुसरा आणतो." त्यांचा तासाभराचा वायदा गल्लीत चेष्टेचा विषय झाला होता. बायकोही हसायची. हसण्यावारी नेण्यासारखंच होतं सगळं, त्या दिवसापर्यंत.

ठकीच्या शाळेच्या मुली टीव्हीवर गाणं म्हणायला निवडल्या गेल्या. गाणं आधीच कॅमेऱ्यात टिपून ठेवलं होतं, दाखवणार होते रविवारी संध्याकाळी. बायकोने शेजारणी बोलावल्या, चटई घातली. ठकीने गाण्याच्या वेळचा तोच फ्रॉक पुन्हा घातला, रिबन बांधली आणि स्वतःला बघायला सगळ्यांत पुढे मांडी घालून बसली. आणि गल्लीतल्या वकीलसाहेबांच्या घरचा भाड्याचा सेट बंद पडल्याचा निरोप आला.

"आज नको हो," बायको म्हणाली. "आज तरी नको."

"अगं, पाटीवर लिहिलंय आपण. पाहुणे आहेत त्यांच्याकडे. तासाभरात दुसरा आणतो, कार्यक्रमाच्या आत."

त्यांनी प्लग काढला. ठकीने वायर गुंडाळून द्यायला मदत केली, तिला त्याची सवयच होती.

वकीलसाहेबांकडे सेट लावला तर चित्र खालून वर पळायला लागलं. टीव्हीवाले मागे बसले. त्या घरात ओरडून सांगायची पद्धत नव्हती, म्हणून वकीलसाहेबांच्या आईने सेटसमोर आरसा धरला आणि हे मागून आरशात बघत बटण पिळत राहिले. चित्र थांबेना. एकदा थांबलं तर वरच्या बाजूला वाकडं झालं. घामाने हात घसरत होते. गाणं सुरू झालं, संपलं, टाळ्या पडल्या. चित्र सरळ झालं तेव्हा पडद्यावर बातम्या देणारे गृहस्थ होते. टीव्हीवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आत्ता जे गेलं ती आपली पोरगी होती. आरशात त्यांनी सगळा वेळ चित्र बघितलं होतं. चित्रात काय आहे ते बघितलं नव्हतं.

घरी आले तर चटईवर एकटी ठकी बसलेली. शेजारणी उठून गेल्या होत्या. टीव्हीच्या रिकाम्या स्टुलासमोर ती तशीच मांडी घालून बसली होती.

"बाबा, तुम्ही बघितलं? मी दिसले?"

"दिसलीस म्हणजे? एकदम मधोमध! पुढच्या ओळीत. काय हसत होतीस!"

ठकीचं तोंड उजळलं. तिने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं, लाल रिबन आणि गुलाबी फ्रॉकसकट. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बायको ऐकत होती. 

त्याच वर्षी ठकी तापाने गेली. चार दिवसांचं दुखणं, डॉक्टर बदलायलाही सवड मिळाली नाही. मागे एक फोटो उरला, आणि टीव्हीवाल्यांनी सांगितलेला तो कार्यक्रम. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, बायको मधेच म्हणायची, "सांगा ना, कशी दिसत होती?" आणि ते सांगायचे. लाल रिबन. गुलाबी फ्रॉक. गाताना मान डोलवत होती. शेवटी तर थेट आपल्याकडे बघून हसली. दरवर्षी त्यात थोडी भर पडत गेली. दुसरं काय देणार होते ते तिला? सांगून सांगून त्यांनाही ती दिसायला लागली होती.

आणि आता घारी येणार होती.

बायको कपडे बदलायला आत गेली. टीव्हीवाले टेबलामागे गेले. वायर मागे जिथे बसते तिथून ती जरा सैल करून ठेवली की झालं. वरून बघणाऱ्याला नीट लावल्यासारखी दिसते, पण चित्र येत नाही. मग आपणच मागे बसायचं, खटपट करायची, मान हलवायची. घारी तरी किती वेळ थांबणार? दुसऱ्यांच्या घरी उजेड करत फिरलेल्या हातांनी त्यांनी आपल्या घरची वायर सैल केली. 

बायको बाहेर आली ती ठेवणीतले कपडे घालून, आणि हातात ठकीचा फोटो. तो तिने चटईवर पुढच्या बाजूला, टीव्हीकडे तोंड करून ठेवला. मागे उशी लावली, पडू नये म्हणून.

"हे काय?" टीव्हीवाल्यांनी विचारलं.

"तिने तरी कुठं बघितलंय?" बायको म्हणाली.

टीव्हीवाल्यांनी खाली वाकून वायर पुन्हा आत दाबली. घट्ट बसली की नाही हे बघायला त्यांना धीर झाला नाही.

घारी आली ती हसत, धापा टाकत. पाणीही न पिता तिने पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. फोटो बघून मात्र ती त्याच्या बाजूला जपून बसली. गाणं सुरू झालं. दोन ओळींत मुली उभ्या होत्या, माना ताठ, हात शिवलेल्यासारखे अंगाला. कॅमेरा एकीकडून दुसरीकडे हळूहळू सरकत गेला आणि ओळ संपायच्या आत परत फिरला. "ही मी," घारी म्हणाली. मधोमध, पुढच्या ओळीत, ती होती.

गाणं संपलं.

"ठकी कुठंय?" बायकोने विचारलं.

"काकू, ती टोकाला होती. उंच होती ना आमच्यात, म्हणून बाईंनी कडेला उभी केली होती. तिथपर्यंत कॅमेरा गेलाच नाही बहुतेक. मला वाटलं होतं, निदान..." घारीचा चेहरा पडला. "मी आधी नीट बघायला हवं होतं."

"नाही गं. ती मधे होती. पुढच्या ओळीत. यांनी बघितलंय."

घारीने टीव्हीवाल्यांकडे बघितलं. टीव्हीवाल्यांनी पडद्याकडे बघितलं.

"पुन्हा लाव," बायको म्हणाली.

पुन्हा लावलं. कॅमेरा सरकत टोकाकडे आला, आणि परत फिरायच्या आधी बायको एकदम म्हणाली, "थांब! तिथंच थांब."

चित्र थांबलं. पडद्याच्या अगदी कडेला एक बाही होती. फुग्याची बाही, तिच्यातून आलेला बारीक दंड, आणि पुढे काही नाही. बायको गुडघ्यांवर हात टेकत उठली, टीव्हीजवळ गेली आणि बाहीवर बोट ठेवलं.

"ही मी शिवलेली. कापड कमी पडलं होतं म्हणून चुण्या एकाच बाजूला घेतल्यात. बघ." ती घारीला दाखवत होती, शिकवल्यासारखी. "बघ, हात हलतोय. ताल धरलाय."

चित्र थांबवलेलं होतं, हात हलत नव्हता. घारीने ते सांगितलं नाही. ती तोंडावर रुमाल धरून बसली होती.

टीव्हीवाले मात्र, जन्माची खोड म्हणून, त्या बाहीचं कडेपासूनचं अंतर डोळ्यांनी मोजत होते. जुन्या सेटची लाकडी चौकट चित्राच्या चारी कडा खायची. गिऱ्हाइकांना ते कळत नसे, पण त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या सेटवर ही बाही चौकटीमागे गेली असती. म्हणजे त्या दिवशी आरसा फेकून देऊन ते डोळे फाडून समोर बसले असते, तरी ठकी दिसली नसती. घरी चटईवर बसलेल्या ठकीलाही ठकी दिसली नसती. याने हलकं वाटायला हवं होतं. त्यांना उलट असं वाटलं की आपलं हुकलं म्हणून इतकी वर्षं उराशी धरलेलं ते चित्र मुळात नव्हतंच.

घारी जाताना दोघांच्या पाया पडली. पेन ड्राइव्ह तिथेच राहू दे म्हणाली.

दार लावून टीव्हीवाले आत आले. बायको चटईवर फोटोशेजारी बसली होती. आता ती ओरडेल, जाब विचारेल, याची ते वाट बघत राहिले. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"अगं," शेवटी तेच म्हणाले, "मी त्या दिवशी..."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"लाल रिबन म्हणालात. गुलाबी फ्रॉक म्हणालात. तुमच्या त्या सेटवर रंग कुठे होते?" ती शांतपणे बोलत होती. "तुम्ही पोरीला सांगत होतात तेव्हाच कळलं मला. बघितलं नाहीये यांनी."

"मग इतकी वर्षं विचारत का होतीस?"

"तुम्ही सांगायला लागलात की मला दिसायची. मधोमध उभी, हसणारी. खोटी का असेना, पण अख्खी दिसायची." तिने चादरीची एक सुरकुती सारखी केली. "आता बाहीच दिसणार मला. यापुढे नका सांगू."

 ठकीविषयी टीव्हीवाल्यांकडे तेवढंच एक बोलणं होतं, आणि तेही आज संपलं. आता या घरात दोघांनी संध्याकाळभर काय बोलायचं हे त्यांना कळेना. एवढ्यात टीव्ही बंद पडला.

"परत लावा," बायको म्हणाली. "एकदाच."

वायर निसटली होती, मघाशी घाईत दाबलेली. टीव्हीवाले टेबलामागे गेले, गुडघे मोडून उकिडवे बसले, वायर नीट आत सारली. घारीने जाताना दाखवलेलं बटण बायकोने दाबलं, आणि पलीकडे मुलींचे आवाज सुरू झाले.

"आलं का?" त्यांनी सवयीने विचारलं.

 पलीकडे गाणं पुढे सरकत होतं, कॅमेरा ओळीच्या टोकाकडे निघाला असावा.

"आलं," बायको म्हणाली. आणि लगेच, "गेलं."

टीव्हीवाले वायर धरून मागेच बसून राहिले.